'सी'ला 'रे' चालत नाही

प्रश्न असा: "'मला माहीत असतं तर मी आले नसते' याचं फ्रेंच करताना मी 'सी जोरे स्यू' असं लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. मराठीत दोन्हीकडे 'असतं-नसते' आहे, मग फ्रेंचमध्ये दोन्हीकडे 'ओरे' का नको? आणि 'ओरे' कुठे, 'सरे' कुठे?"

बाईंचं बरोबर आहे. 'सी जाव्हे स्यू, ज न सरे पा व्हनी.' 'सी' म्हणजे जर. त्या अंगाला साधा पूर्ण भूतकाळ येतो, म्हणजे 'माहीत होतं'. 'ओरे' आणि 'सरे' ही 'जवळ असणे' आणि 'असणे' या दोन सहायक क्रियापदांची 'असतं'छाप रूपं ('जोरे' म्हणजे 'ज', मी, अधिक 'ओरे'); ती येतात फक्त 'तर'च्या अंगाला. मराठी माणसाच्या तोंडून 'सी जोरे' इतक्यांदा ऐकलंय की आता कान दुखत नाहीत, नुसते गरम होतात. फ्रान्सच्या शाळांत यावर एक कोटी शिकवतात: 'ले सी नेम पा ले रे'. 'सी'ला 'रे' आवडत नाही, आणि त्याच उच्चारात करवतींना रेघा आवडत नाहीत. तिथली पोरंही चुकतात म्हणून तर ही कोटी. ईव्ह रोबेर यांच्या १९६२च्या चित्रपटातला एक चिमुरडा 'सी जोरे स्यू, जोरे पा व्हनी' म्हणतो, एका वाक्यात दोन चुका, आणि ते वाक्य अख्ख्या फ्रान्सला पाठ आहे. तुम्ही निदान एकच केलीत.

'सरे' जाणे, येणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे असल्या मोजक्या क्रियापदांना आणि 'स्वतःला' लावून येणाऱ्यांना. बाकी सगळीकडे 'ओरे'. यादी पाठ करा, त्यात गंमत काही नाही.

गंमत 'ओरे'त आहे. लॅटिनमध्ये 'हाबेरे' म्हणजे जवळ असणे, बाळगणे. उतरत्या काळातल्या बोली लॅटिनमध्ये लोक 'कान्तारे हाबेओ' म्हणू लागले, आपल्या भाषेत 'गायचं आहे'. आणि 'कान्तारे हाबेबाम' म्हणजे 'गायचं होतं'. पहिली जोडी चिकटून 'शांतरे' झाली, 'मी गाईन'. दुसरी चिकटून तीही 'शांतरे' झाली, 'मी गायलो असतो' याच्या अलीकडचं 'मी गाईन की, पण...'. लिहिताना दुसरीला शेवटी एक मुका 'स' लागतो. बोलताना बऱ्याच फ्रेंच लोकांच्या तोंडी फरक उरत नाही. त्या 'रे'तला 'र' म्हणजे 'कान्तारे'चं शेपूट, आणि 'ए' म्हणजे झिजून झिजून उरलेला 'हाबेबाम'.

आता हाच प्रकार खुद्द 'हाबेरे'ला लावा. 'हाबेरे हाबेबाम' चिकटून 'ओरे'. पुढे त्याचंच भूतकाळवाचक धातुसाधित 'यू' जोडलं की 'जोरे यू', माझ्याकडे असतं, मला मिळालं असतं. जो-रे-यू. तीन अक्षरं आणि तिन्हींत हाबेरे! ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याच्या वाक्यात 'जवळ असणं' तीनदा.

सांधा बघायचा असेल तर पोर्तुगीजकडे जा; गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला हे ओळखीचं आहे. 'त्याला दिलं असतं' या तऱ्हेसाठी तिथे 'दार-ल्ये-इआ' असं लिहितात. 'दार' म्हणजे देणे, 'इआ' म्हणजे तोच हाबेरे, आणि मध्ये पाचर मारल्यासारखं 'त्याला'. फ्रेंचमध्ये हा सांधा कधीच बुजला. इटालियनने तर भूतकाळही दुसरा निवडला, 'हाबुइत'वाला, म्हणून तिथे 'कान्तेरेब्बे'. सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या बखरीत या चिकटण्याचा पुरावा एका लटक्या व्युत्पत्तीत सापडतो: पर्शियाचा राजा म्हणतो 'देणार नाही', रोमन सम्राट जस्टिनियन म्हणतो 'दारास', देशील, आणि म्हणून गावाचं नाव दारास. व्युत्पत्ती खोटी, पण 'दारे हाबेस'चं 'दारास' झालं होतं हे खरं.

माझं म्हणणं पुढचं आहे. हे समजायला मराठी माणसाला लॅटिन लागतच नाही. 'आधी सांगायचं होतंस!' यात 'जर' नाही, 'असतं' नाही. नुसतं 'सांगायचं' आणि 'होतं'. तरी ऐकणाऱ्याला कळतं की सांगितलं नाही. हाबेबामने केलं ते हेच. म्हणून आपल्याकडच्या फ्रेंच मार्गदर्शकांत या रूपाला जे सरसकट 'संकेतार्थ' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मराठीत संकेत अख्ख्या वाक्यावर पसरतो, 'जर'वरही आणि 'तर'वरही, आणि तुमची चूक नेमकी त्या नावातून आली. ग्रेव्हिसच्या व्याकरणाच्या त्यांचे जावई गोस यांनी सांभाळलेल्या आवृत्त्यांतही हे रूप वेगळा अर्थ म्हणून नाही, निर्देशार्थातला, म्हणजे साध्या विधानाच्या रूपांतला, एक काळ म्हणून बसवलंय. भूतकाळात उभं राहून पाहिलेला भविष्यकाळ. गायचं होतं. आमचे मार्गदर्शककार मात्र जुनंच छापत बसलेत.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतोच. फ्रेंच बातमीत 'ल मिनिस्त्र ओरे देमिसिओने' असं आलं की भाषांतरकार डोळे मिटून लिहितात, 'मंत्र्यांनी राजीनामा दिला असता'. वाचणारा बिचारा पुढच्या 'पण'ची वाट बघत बसतो. 'पण' नसतोच. बातमीदाराने खातरजमा केलेली नाही, एवढाच त्या 'ओरे'चा अर्थ. आपल्याकडे त्याला दोन अक्षरांचा शब्द आहे: मंत्र्यांनी म्हणे राजीनामा दिला.