वहीचा डावा रकाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वहीची चार पाने नीट वाचली. अक्षर सुरेख आहे. परंतु तिसऱ्या पानावरचे एक वाक्य ‘म्हणून’ या शब्दापाशीच तुटले असून पुढच्या ओळीत भलताच मुद्दा सुरू होतो. शिक्षक मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतात आणि हाताने त्यातला जेमतेम पाव हिस्सा उतरतो, त्यामुळे सगळेच टिपण्याच्या धडपडीत नेमके कारण निसटले.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात मांडलेली पद्धत तुला उपयोगी पडेल. पानाच्या डावीकडे अडीच इंचांचा रकाना आणि तळाशी दोन इंच जागा सोडायची, तासाला फक्त उजवीकडे लिहायचे. डावा रकाना त्याच संध्याकाळी भरायचा, आणि तोही प्रश्नांनी. उजवीकडे ‘पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक’ असे असेल, तर डावीकडे ‘घनता म्हणजे काय?’ असे न लिहिता ‘तळे वरून का गोठते?’ असे लिही. मग उजवी बाजू हाताने झाकून उत्तर मोठ्याने सांग. तळाच्या जागेत दोन-तीन वाक्यांत सारांश लिहायचा असतो. तो कधी राहिला तरी चालेल, प्रश्न मात्र चुकवू नकोस.

इतिहासासाठी कारण, घटना, परिणाम असा तक्ता सोयीचा. गणितात पायऱ्या उतरवून घेण्यापेक्षा प्रत्येक पायरीशेजारी ‘असे का’ हे दोन शब्दांत लिहिणे मोलाचे. मनोनकाशे, म्हणजे मधल्या विषयातून फांद्यांसारखे मुद्दे काढत नेलेल्या आकृत्या, उजळणीला उत्तम असले तरी चालू तासात मला ते अडचणीचेच वाटतात, कारण पुढची फांदी कुठे फुटणार हे आधी कळत नाही.

लॅपटॉपविषयी तू विचारले होतेस. म्युलर आणि ओपेनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २०१४च्या अभ्यासात टंकलेखन करणारे विद्यार्थी शब्दशः उतरवत गेले आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले. मात्र नंतरच्या पडताळण्यांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. तेव्हा लॅपटॉप वापरायला हरकत नाही, पण शिक्षकांचे वाक्य जसेच्या तसे उमटवू नकोस आणि आकृत्या, सूत्रे हातानेच काढ.

यापुढे काही निसटले, तर तिथे दोन ओळी कोऱ्या सोडून समासात प्रश्नचिन्ह कर आणि ऐकत राहा. तिसऱ्या पानावरचा ‘म्हणून’ अजून अर्धवटच आहे. उद्या तासापूर्वी कुणाची तरी वही पाहून तो पूर्ण कर आणि पुढे काय होते ते मला कळव.

तुझा शुभचिंतक