टेलोमिअरची लांबी वेगळी, राखण वेगळी

नाशिकरोडच्या एका टी.वाय.बी.एस्सी.च्या मुलीने विचारलंय: सेमिनारला शेल्टरिन हा विषय आलाय, म्हणजे टेलोमिअरवर (गुणसूत्राच्या टोकाच्या डीएनएवर) बसणारा सहा प्रथिनांचा गट. नावं पाठ आहेत, पण टेलोमिअर वाढवायला टेलोमरेज हे एन्झाइम आहेच, मग हे सहा जण नेमकं करतात काय? शिवाय मामांनी ऑनलाइन मागवलेल्या 'टेलोमिअर लांब करणाऱ्या' कॅप्सूलमध्ये काही तथ्य आहे का?

पहिलं काम, बुटाच्या नाडीच्या टोकाला असलेल्या प्लॅस्टिकचं ते उदाहरण सेमिनारमधून काढून टाक. जो तो तेच देतो आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की टोक झिजू नये एवढाच प्रश्न आहे. डीएनए कुठे तुटला तर तुटकं टोक हुडकून सांधणारी यंत्रणा आपल्या पेशीत कायम जागी असते. ४६ गुणसूत्रं, म्हणजे ९२ टोकं. या यंत्रणेच्या दृष्टीने प्रत्येक टोक म्हणजे तुटलेला डीएनएच. तिने इमानेइतबारे काम केलं, तर दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली जातील आणि पुढच्या विभाजनात ओढाताणीत फाटतील. टोकं या यंत्रणेच्या नजरेस पडू न देणं, हे शेल्टरिनचं मुख्य काम.

याचा पुरावा सेमिनारमध्ये दाखवच. १९९८ साली टिटिया डी लांगे यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींमध्ये टीआरएफ२चं, म्हणजे या सहांतल्या एका प्रथिनाचं, मुद्दाम बिघडवलेलं रूप घातलं. त्याने पेशीतलं चांगलं टीआरएफ२ टोकांवरून हटवलं. विभाजनाच्या वेळी पाहिलं, तर गुणसूत्रं टोकाला टोक चिकटलेली! आणि सांध्यात टेलोमिअरचा डीएनए तसाच सापडला. म्हणजे टेलोमिअर झिजून संपले म्हणून हे झालं नव्हतं. त्यांच्यावरचं प्रथिन गेलं, एवढंच कारण पुरलं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता रचना. माणसाचा टेलोमिअर म्हणजे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा. बहुतेक भाग दुहेरी, शेवटी मात्र एका धाग्याची थोडी शेपटी. टीआरएफ१ आणि टीआरएफ२ दुहेरी भागावर बसतात, प्रत्येकाची स्वतःशीच जोडी जमवून. पॉट१ शेपटीवर बसतं. मधे टिन२, ते दोन्ही टीआरएफना धरतं आणि टीपीपी१लाही, आणि टीपीपी१च्या हाताला पॉट१. रॅप१ टीआरएफ२ला चिकटून असतं. यीस्टमध्ये ते थेट डीएनएवर बसतं, माणसात नाही. त्याच्यावर एक ओळ पुरे. शेल्टरिन हे नाव २००५चं, प्रथिनं त्याआधीच एकेक करून सापडली होती.

टी-लूप, म्हणजे टेलोमिअरचं टोक मागे वळून होणारा फास, फळ्यावर काढायच्या भानगडीत पडू नकोस, कुणाला काही कळत नाही. रविवार कारंजावरून दोन रंगांची लोकर आण. दोन्ही धाग्यांना एकत्र पीळ देऊन दोन मीटरची दोरी कर आणि एक रंग टोकाशी चार सेंटीमीटर जास्त ठेव. दोरी दहा हजार अक्षरांची धरली, तर शेपटी दोनशे अक्षरांची झाली, म्हणजे प्रमाणही साधारण खरं. आता दोरी वळवून मागे आण, मधे कुठेतरी पीळ सैल कर आणि शेपटी आत खुपस. टोक गायब! असे फास १९९९ साली जॅक ग्रिफिथ आणि डी लांगे यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले. ते टिकायला टीआरएफ२ लागतं. टोकच सापडत नसल्याने एटीएम ही त्या सांधणाऱ्या यंत्रणेला धोक्याची सूचना देणारी शाखा गप्प राहते. दुसरी शाखा एटीआर. एकेरी डीएनएवर आरपीए नावाचं प्रथिन बसलं की ती जागी होते. पॉट१ शेपटीवर ठाण मांडून असल्यामुळे आरपीएला तिथे जागा मिळत नाही. टीआरएफ१ची गरज मुख्यतः डीएनएची नक्कल होताना लागते. ते नसेल, तर नक्कल करणारी यंत्रणा टेलोमिअरमध्ये अडखळते.

परीक्षक खवट असतील तर हे विचारतील: टीआरएफ२ काढलं की कुठल्याही पेशीत असंच होतं का? नाही. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत टीआरएफ२ नसतानाही टी-लूप बनतात आणि टोकं चिकटत नाहीत, हे २०२१मध्ये दिसलं.

टेलोमरेजचं म्हणशील, तर त्याला टोकापर्यंत आणणाराही शेल्टरिनमधलाच, टीपीपी१. त्याच्या पृष्ठभागावरच्या एका छोट्या भागाला टेलोमरेज येऊन चिकटतं. उलट पॉट१ शेपटीचं टोक दाबून बसलं, तर टेलोमरेजला हात घालता येत नाही. म्हणजे राखणारे तेच, आणि लांबी किती वाढू द्यायची ते बघणारेही तेच. इथे बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. टिन२च्या जनुकात दोष असला तर टेलोमिअर फार आखूड राहून डिस्केराटोसिस कंजेनिटा हा आनुवंशिक आजार होऊ शकतो: नखं खराब, तोंडात पांढरे चट्टे, पुढे अस्थिमज्जा निकामी. पॉट१च्या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत टेलोमिअर चांगले लांब असतात, आणि त्या लोकांना मेलानोमासारख्या (त्वचेच्या) कर्करोगांचा धोका जास्त.

आता मामांना काय सांगायचं ते तूच ठरव. मी असतो तर म्हटलं असतं, कॅप्सूलने लांबी वाढत नसेल तर पैसे गेले, आणि खरंच वाढत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज चालू असतं, त्याशिवाय त्या पेशींना अखंड विभागत राहता येत नाही. लांबी म्हणजे तारुण्य हे जाहिरातवाल्यांचं गणित, जीवशास्त्राचं नव्हे.

आणि डेटाबेसमध्ये शोधताना जपून. टीपीपी१ टाकलंस तर भलतंच जनुक समोर येईल, लायसोसोममधल्या एका एन्झाइमचं, बॅटन आजाराशी संबंधित. तुला हवंय ते एसीडी नावाखाली आहे. टिन२ टीआयएनएफ२ म्हणून सापडेल आणि रॅप१ टीईआरएफ२आयपी म्हणून. स्लाइड झाल्या की इथे टाक, बघून सांगतो.