रोझरीनंतरची नावं

प्रिय बाळ,

तुझं पत्र आणि सोबतची चार पानं मिळाली. आजीला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, घरच्यांनी तुला बोलायला सांगितलंय, हे वाचून बरं वाटलं. पानं मी दोनदा वाचली. प्रेमळ, श्रद्धाळू, कष्टाळू, सेवाभावी. यातला एकही शब्द खोटा नाही. पण वसईतल्या कुठल्याही घरातल्या कुठल्याही आजीवर ही पानं तशीच्या तशी वाचता येतील, आणि तुझी आजी कुठलीही नव्हती.

माझी आई गेली तेव्हा मीही असंच लिहिलं होतं. ते छापून आलं, लोकांनी कौतुक केलं. माझ्या धाकट्या मामांनी मात्र वाचून अंक बाजूला ठेवला आणि विचारलं, "चांगलं लिहिलंयस गं, पण यात माझी बहीण कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतं, म्हणून तुला एवढ्या कळकळीनं सांगतेय.

तिच्या गुणांपासून सुरुवात करू नकोस, तिच्या दिवसापासून कर. रात्री वाडीतून आणलेली अबोली पडवीत ओल्या फडक्यावर पसरलेली असायची. भिजवलेल्या केळीच्या सोपटाचा धागा दाताखाली धरून आई गजरे ओवायची. बोटं आपोआप चालत, ओठ वेगळंच काही पुटपुटत. पहाटेच्या लोकलनं टोपली दादरला जायची. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून वाळत घालायची आणि सुकेळी बांधायची. यात प्रार्थना कुठे संपत होती आणि काम कुठे सुरू होत होतं, हे मला लहानपणी कधी कळलं नाही, आजही वेगळं करता येत नाही. तुझ्या आजीच्या हाताला काय काम होतं? भाजीचे वाफे होते की पानवेली? ज्या अवजाराला ती जो शब्द वापरायची, तोच लिही. आपल्या कादोडी बोलीतला असेल तर कादोडीतलाच लिही, शुद्ध करत बसू नकोस.

आता रोझरीकडे, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेकडे, ये. तुझ्या पानात एवढंच आहे की आजी 'रोज न चुकता रोझरी म्हणायची'. हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांग, ती कशी म्हणायची? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनमधली मिस्सा मराठीत आली, पण घरातल्या लितानीला, म्हणजे एकानं म्हणायच्या आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायच्या प्रार्थनेला, माझी आई शेवटपर्यंत 'ओरा प्रो नोबिस' असंच लॅटिन उत्तर द्यायची. 'आमच्यासाठी विनंती कर' हा अर्थ तिला कळत होता, पण जिभेवर तिच्या आईचा शब्द होता. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत येशूच्या जीवनातल्या प्रसंगांवरची 'प्रकाशाची रहस्यं' जोडली, ती गुरुवारी म्हणायची. तरी गुरुवारी आमच्याकडे जुनी आनंदाचीच रहस्यं म्हटली जात. यात हट्ट होता, आणि तो लिहिण्याजोगा आहे.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोझरी संपल्यावर ती घ्यायची ती नावं. आम्हा मुलांना तेव्हा झोप यायची, गुडघे दुखायचे, आणि आईची यादी काही संपायची नाही. कुणाचा मुलगा आखातात गेलाय, कुणाच्या घरात दारू शिरलीय, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय. एक नाव तर आमच्या ओळखीचंच नव्हतं. ती दादरला आईशेजारी बसणारी भाजीवाली, आपल्या धर्माचीही नव्हे. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तेव्हा तिनं आईला रात्रभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, एवढंच. पुढे आईचं दादरला जाणं थांबलं, तरी ते नाव यादीतून गेलं नाही. हे मला मामांकडून कळलं, माझा लेख छापून गेल्यावर.

तुझ्या आजीची यादी शोध. समाजसेवा हा शब्द तिनं आयुष्यात वापरला नसेल, पण मयताच्या घरी पेजेचं पातेलं कुणी पाठवायचं हे तिला न विचारता ठरत नसे, ते मी पाहिलंय.

चर्चच्या ऑफिसातही जाऊन ये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तिची ओळ बघायला मिळते का, ते फादरांना विचार. बाप्तिस्मा झालेल्याच्या लग्नाची नोंदही त्याच ओळीच्या समासात करायची पद्धत आहे. बाळाची ओळ आणि शेजारी नवरीची नोंद, दोन्ही एका नजरेत दिसतं. मग पुढची पानं चाळ आणि ती किती मुलांची धर्ममाता होती ते मोज. मला वाटतं, तुझ्या घरच्यांनाही तो आकडा माहीत नसेल.

असं साधं लिहिलं तर लोक काय म्हणतील, ही भीती मनातून काढ. लिस्यूच्या संत तेरेझाची आई झेली मार्टिन हिला आपण ओळखतो ते तिच्या पत्रांमुळे. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावात ती लेस विणण्याचा धंदा चालवायची. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली, आणि 1877 मध्ये स्तनाच्या कर्करोगानं तीही गेली. तिची दोनशेहून अधिक पत्रं उरली आहेत. त्यांत लेसच्या मागण्या आहेत, दाईकडे ठेवलेल्या बाळाची काळजी आहे, थकवा आहे. 2015 मध्ये चर्चनं तिला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र संत म्हणून जाहीर केलं.

एक अवघड गोष्ट उरली. तुझ्या मोठ्या आत्याची शाळा सातवीनंतर सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि ते आजीनंच ठरवलं होतं. हे तू लिहिलेलं नाहीस. आल्टरसमोर उभं राहून सगळं सांगायलाच हवं असं नाही, पण जे झाकलंय त्याच्यावर 'त्यागमूर्ती'सारखा शब्द पांघरू नकोस. समोर बसलेल्या मुलींनी आजीसारखंच झिजावं, असंही सुचवू नकोस. तिला पर्याय नव्हते. त्यांना आहेत, आणि तिच्या वाडीतल्या कष्टांतूनच त्यातले काही आले आहेत.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माझ्याकडे ये. कोरी वही आण आणि आत्याला सोबत घेऊन ये. रोझरीला ती आजीच्या उजव्या हाताला बसायची. नावं तिला क्रमानं पाठ असतील.

तुझी,
बाई