तात्पर्य तोंडपाठ, तरी खोटं बोलतोच

“रोज रात्री गोष्ट वाचते. तात्पर्य विचारलं की लगेच म्हणतो, ‘खोटं बोलू नये.’ आणि सकाळी दात न घासताच ‘घासले’ म्हणून मोकळा!” सहा वर्षांच्या मुलाच्या आईची ही तक्रार.

गोष्ट कधी आणि कोणती वाचता, हे विचारल्यावर गुंता सुटू लागला. खोटं पकडलं गेलं की त्याच रात्री ‘लांडगा आला रे आला’ निघायचं, आणि पुस्तक मिटताना ‘बघ, असं होतं’ हे ठरलेलं. मुलाच्या लेखी गोष्ट म्हणजे रागावण्याचाच दुसरा हप्ता होता. तात्पर्य तो सांगायचा, कारण ते सांगितलं की सुटका होते.

गोष्टीची निवडही आड येत होती. ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खेळण्याकडे चोरून बघू नकोस असं सांगून मुलाला एकटं ठेवलं, मग एक गोष्ट वाचून दाखवली आणि ‘बघितलंस का?’ असं विचारलं. लांडग्याच्या गोष्टीने खरं बोलणं वाढलं नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या मुलाच्या गोष्टीने वाढलं. तिचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा तोही परिणाम गेला. खोटं बोलल्यावर काय होतं हे मुलांना ठाऊकच असतं. खरं बोलल्यावर काय होईल, याची धास्ती असते.

म्हणून आईला सुचवलं ते असं. चूक घडली त्या दिवशी त्या विषयाची गोष्ट नको. ज्यात मूल चुकतं, घाबरतं, तरी सांगतं आणि घरचे ऐकून घेतात, असं एकच पुस्तक निवडून चार-पाच रात्री वाचायचं, दहा-बारा मिनिटं. पात्रं शक्यतो माणसांची, कारण या वयात कोल्ह्या-सशांचं वागणं स्वतःला लावून बघणं अनेकांना जमत नाही. पहिल्या रात्री नुसतं वाचन. पुढे कबुलीच्या आधीच्या पानावर थांबून विचारायचं, “आता याच्या पोटात काय होत असेल?” मूल म्हणालं, “तो लपून बसेल,” तर तेही उत्तर चालेल. दुरुस्त करायला गेलात की दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘खोटं बोलू नये’. ‘तुझ्यासारखाच आहे ना हा?’ हे वाक्य तर कायमचं बंद. साम्य मुलाला दिसतं, बोट दाखवलं की ते झाकून घेतं.

खरं काम मात्र पुस्तकाबाहेर. ब्रश कोरडा दिसत असताना “दात घासलेस का?” विचारणं म्हणजे खोटं बोलायचं आमंत्रण. त्याऐवजी, “ब्रश कोरडा आहे, चल, घासून घेऊ.” आणि काही सांडल्याचं कबूल केलं तर आधी “सांगितलंस, बरं केलंस,” मग सांडलेलं दोघांनी पुसायचं. पुसणं माफ नाही, आरडाओरडा माफ.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा आपणहून म्हणाला, “रंग माझ्याकडून सांडला.” त्याच आठवड्यात दोनदा थापाही मारल्या. आई खट्टू झाली होती, पण या वयात एवढी सरमिसळ असायचीच. एक अडचण अजून आहे: घरात बाबांना कबुली दिली की आधी ओरडाच बसतो. म्हणून पुढच्या भेटीला दोघांना बोलावलंय, आणि आठवड्यातल्या दोन रात्री पुस्तक बाबांच्या हातात दिलंय.