बागा बघायच्या तर एप्रिलात नको

प्रश्न : काका, मी ५१ वर्षांची, डोंबिवलीला राहते. गेल्या वर्षी गिअरची सायकल घेतली, रविवारी ३० किलोमीटर आरामात होतात. मी, नवरा आणि १९ वर्षांचा मुलगा नाशिकच्या वायनरी सायकलवरून बघायच्या म्हणतोय. मुलाची परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपते, त्यानंतरचा शनिवार-रविवार जमेल. मी स्वतः वाइन घेत नाही. मला कंटाळा तर येणार नाही ना? आणि दोन दिवसांत किती वायनरी होतील?

उत्तर : ताई, आधी तारीख बदला, बाकीचं मग बोलू. एप्रिलात आमच्याकडे खरड छाटणी चालू असते. गेल्या हंगामाच्या काड्या उडवतात आणि वेलीचे नुसते ओलांडे, म्हणजे तारांवर पसरलेले जाड हात, राहतात. बघायचं काय, तर खुंट आणि तारा, तेही डोक्यावर चाळिशीला टेकलेलं ऊन घेऊन. युरोपातली वेल थंडीत झोपते, म्हणून तिची छाटणी वर्षातून एकदाच. आमची वेल झोपतच नाही, तिला दोनदा कात्री लावावी लागते. दुसरी गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिथून चारेक महिन्यांनी घड तयार होतात. म्हणून जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा, एवढाच काळ धरा. मुलाला तेव्हाच दोन दिवस अभ्यासातून सोडवा. नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षी या, बागा कुठे पळत नाहीत.

शनिवारी पहाटे सहाला गंगापूर रोडने निघा. थंडी बोचते, हातमोजे लागतील. फार गारठा पडला तर बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात, तो धूर रस्त्यावर उतरलेला दिसेल. रस्ता गोदावरीच्या उगमाकडे जातो, त्यामुळे अंगाला कळेल-न कळेल असा चढ आहे. परतताना तोच उतार. तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. सोमेश्वरला थांबून चहा घ्या, मग गंगापूर गाव, धरणाचा बांध आणि सावरगावच्या बाजूला वायनरी. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये इथेच सुला ही वायनरी सुरू केली, पहिली वाइन २००० साली आली. यॉर्क आणि सोमा या वायनरीही त्याच भागात आहेत. सगळं मिळून शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर. अकरानंतर मात्र मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा त्या रस्त्यावर सायकल नको. (अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत २०१५ मध्ये जोडीने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ आमच्याच नाशिकचे. म्हणून इथे सायकलवाल्याला वाट मिळते, असं वाटत असेल तर तसं काही नाही.)

कंटाळ्याचं म्हणाल, तर मीही दोन घोटांपलीकडचा माणूस नाही. पण माझी तीस वर्षं बागांना खतं-औषधं विकण्यात गेली, आणि आजही मला त्या रस्त्यावरची द्राक्षंच जास्त बोलकी वाटतात. एका अंगाला खाण्याची बाग असते : वर मांडव, घडांची विरळणी केलेली, मणी बोराएवढे, कुठे कुठे घडांना कागद गुंडाळलेले. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून ते कागद. दुसऱ्या अंगाला वाइनची बाग : रांगा उभ्या, घड बारके, मणी करवंदाहून लहान, साल जाड, आत बिया. बागवाल्याला विचारून एक मणी तोंडात टाका. इतका गोड की दुसरा नको वाटेल. ती सगळी साखरच पुढे दारू होते. विचारल्याशिवाय तोडू मात्र नका. चोरीपेक्षा औषधाची भीती मोठी, फवारणी कालच झालेली असू शकते.

वायनरी किती? दिवसाला एक. तुमचे यजमान तोंड वाकडं करतील, तर त्यांना माझी गोष्ट सांगा. एकदा मार्चात एका वायनरीत मी साडेअकराला चव घ्यायला बसलो. पाच ग्लासांत घोट-घोटच, एकूण जेमतेम एक ग्लास भरला असता. रिकाम्या पोटी घेतली आणि तसाच उन्हात सायकलवर बसलो. दोन किलोमीटरवर ठिबकच्या नळ्यांची चळत चुकवायला गेलो आणि थेट पाटात. कोपर सोललं ते सोललं, पण ट्रॅक्टरवरचा पोरगा मला हात देऊन उठवताना “काका, सकाळी सकाळी?” म्हणाला, ते जास्त लागलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : सकाळी सायकल, मग मिसळ, मग आंघोळ आणि झोप, आणि चारनंतर वायनरी, तीही रिक्षाने किंवा गाडीने. कारखाना दाखवतात तेव्हा पोलादी टाक्या आणि ओक लाकडाची पिंपं नीट बघून घ्या, ते तुम्हालाही आवडेल. मुलाला चव घ्यायच्या टेबलावर ग्लास मिळणार नाही, त्याचं वय बसत नाही. हे त्याला घरीच सांगून आणा.

रविवारी दिंडोरी रस्ता. पंचवीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, तुमच्या सवयीपेक्षा जास्त होतं. दम वाटला तर म्हसरूळला चांभार लेण्यांच्या पायथ्याशी चहा पिऊन मागे फिरा. दिंडोरीकडची वायनरी बघायची, तर तिकडे गाडीने जा. हंगामात या रस्त्याला क्रेटने भरलेले ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागे मागे राहू नका.

नाशिकपर्यंत सायकली गाडीने आणा. मुलगा मागच्या सीटवर बसणार, म्हणून चाकं काढली तरी तिन्ही आत मावायच्या नाहीत, कॅरिअर लागेल. आणि ट्यूब माणशी दोन. बागांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्यांचे काटे रस्त्यावर येतात, आणि आडवाटेला रविवारी पंक्चरवाला उघडा नसतो.