जुळ्यांपैकी एकालाच वाचता येत नाही, हा आईचा दोष का?

तुम्ही विचारलंय, जुळ्यांपैकी मुलगी भराभर वाचते, मुलगा तिसरीत येऊनही अडखळतो, तर हे रक्तातून येतं की घरातून? दोन्हीकडून. पण 'घरातून' म्हणजे आईने लक्ष दिलं नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. मी ते आठ वर्षं ऐकून घेतलंय.

माझीही जुळीच, मुलगा आणि मुलगी. तिसरीत तो मराठीचा धडा घडाघडा म्हणायचा. एका संध्याकाळी त्याच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि तो सुटलेल्या पानावरचाच मजकूर म्हणत राहिला. बोट मात्र ओळींवरून नीट सरकत होतं. बहीण रोज मोठ्याने वाचायची, त्यावरून त्याने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. मी वहीवर 'कमळ' लिहून दिलं. तो वहीकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. त्या दिवशी मीही त्याला धपाटा घातला. ते अजून सलतं.

माझी नणंद शिक्षिका. तिचं एकच पालुपद, "एका पोटची, एका ताटात जेवलेली. एक वाचते, म्हणजे दुसऱ्याचा आळसच."

वन्स, मुलगा-मुलगी जुळी म्हणजे दोन वेगळी बीजं. जनुकांच्या हिशेबात ती इतर सख्ख्या भावंडांइतकीच जवळची. अमेरिकेत कोलोरॅडोला जॉन डीफ्रीस यांच्या गटाने १९८२पासून अशा जुळ्यांचा अभ्यास केला. एकाला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द वाचायला जड जाणं, असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ६८ टक्के निघालं, वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत ३८. एकसारख्यांतही शंभर नाही, म्हणजे सगळं जनुकांवरही नाही. आणि जनुकांतून आलं असलं तरी शिकवण्याने फरक पडतोच.

तुम्ही दोघांना वेगळ्या तुकडीत घाला, तुलना निम्मी तिथेच थांबते. डिस्लेक्सियाची तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यात हे येतं, दहावीला जादा वेळ मिळतो. त्याआधी डोळे आणि कान तपासा, हे मी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आणि कोलोरॅडोचे ते आकडे इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे आहेत, मराठीला जसेच्या तसे लावू नका.

आता तो अकरावीत आहे, सावकाश पण स्वतः वाचतो. नणंद म्हणते, मोठा झाला, आपोआप सुधारला. आपोआप नाही, वन्स. चार वर्षं रोज अर्धा तास, शब्द फोडून, जोडून, रव्याच्या ताटात बोटाने गिरवून.