अंड्याला चोच मारून चौदा तास झाले, पिल्लू बाहेर येत नाही. इन्क्युबेटर नाही, खोक्यात बल्ब लावून अंडी उबवली आहेत. मी कवच सोडवू का?

नाही. आत्ता नाही.

चौदा तास फार नाहीत. पहिलं भोक पाडल्यावर पिल्लू दमून थांबतं. त्या वेळात ते फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकतं, कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेतं आणि उरलेला पिवळा बलक पोटात घेतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अडकलं. आज कवच सोलाल तर रक्त येईल, आणि एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? भोकातून चिवचिव ऐकू येत असेल तर चोवीस तास तरी हात बांधून बसा.

पण "कधीच हात लावू नका, कमजोर असेल ते मरेल" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. आमच्या घरात हा वाद 2019 पासून चालू आहे.

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आणि इंदूरमध्ये जो तो कडकनाथची अंडी शोधू लागला. आमच्या शेजाऱ्यांनी झाबुआहून आठ अंडी आणून दिली. कडकनाथ कोंबडी क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, तिकडे दुसऱ्या देशी कोंबडीखाली अंडी ठेवतात. आमच्याकडे तीही नव्हती. मग थर्माकोलचं खोकं, 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी घेऊ नका, पुरेशी उष्णता देत नाही), अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर थर्मामीटर आणि पाण्याची वाटी. पारा 38 अंशांच्या आसपास राखायला मी रात्री दोनदा उठत होते. पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून पाच वेळा अंडी फिरवली. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलं, दोन रिकामी निघाली. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

खरं तर तिथून झाकणही बंद राहायला हवं होतं. शेवटचे तीन दिवस खोक्यातला दमटपणा 65 ते 70 टक्के लागतो. पण आमच्या मोठ्या भाऊजींना कौतुक फार. दारात कुणीही आलं की झाकण उचलून, "बघा, आतून आवाज येतोय." फेब्रुवारीची माळव्यातली कोरडी हवा. प्रत्येक वेळी आतली ओल निघून जायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडले.

एकविसाव्या दिवशी तीन पिल्लं आपणहून आली. तीन अंड्यांना फक्त भोक. चोवीस तास झाले तशी मी मदत करायला निघाले, तर भाऊजी म्हणाले, निसर्गाच्या कामात हात घालू नकोस, ज्याच्यात दम असेल ते येईल. घरात मोठे, मी गप्प बसले. सकाळी दोन पिल्लं आतच गेलेली. कवच उघडून पाहिलं. बलक पूर्ण पोटात गेलेला, पिल्लं पुरी वाढलेली, आणि पापुद्रा वाळून पिसांना डिंकासारखा चिकटलेला. मानही वळवता येत नव्हती त्यांना. यात दम कुठून आला?

तिसरं अजून चिवचिवत होतं. त्याला तेहतीस तास झाले होते. मी कुणाला विचारलं नाही. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ केली, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं कोमट पाण्याचा थेंब पापुद्र्यावर लावला. चोचीवर पाणी जाऊ दिलं नाही. ओला झाल्यावर शिरा दिसतात. लाल शिरा दिसल्या असत्या तर परत ठेवलं असतं, पण त्या आटल्या होत्या. मग जाड टोकाकडून, जिथे हवेची पोकळी असते तिथून, नखाएवढे तुकडे काढत टोपी उतरवली आणि थांबले. खालचा अर्धा भाग तसाच ठेवला, तो त्यानं स्वतः ढकलायचा. पाऊण तासानं ते बाहेर आलं.

ती कोंबडी मोठी झाली, अंडी घालू लागली. भाऊजी आजही म्हणतात, ती मुळातच दमदार होती. माझं म्हणणं एवढंच, की खुडूक कोंबडी शेवटचे दिवस अंड्यांवरून सहसा उठत नाही, तिच्या पोटाखाली ऊब आणि ओल टिकते. तिच्याखाली अडकलेलं पिल्लू कमजोर असेलही. खोक्यातल्या पिल्लाला आपण कोरडं केलेलं असतं. चूक आपली, तर सोडवायचंही आपणच.

अर्थात, भोक अरुंद टोकाला पडलं असेल तर पिल्लू उलटं आहे. त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, पण शिरा लाल असतील तर तिथेही थांबावंच लागतं. सोडवताना रक्ताचा थेंब दिसला की तिथेच बंद करून परत उबेत ठेवा. आणि बाहेर आलेल्या पिल्लांना लगेच भरवायची घाई नको, पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात.

तुमचे चोवीस तास भरायला अजून दहा आहेत. आता एकदाच झाकण उघडा, दुसरी वाटी कोमट पाण्यानं भरून ठेवा, हवेची भोकं मोकळी सोडून झाकणाला टेप लावा. घरातल्या कुणालाही ते उचलू देऊ नका.